गच्चीवरचे वाफे आणि रणपिसे साहेब

दीपालीनं बँकेतली नोकरी सोडली तेव्हा सुखदेव रणपिसे काही बोलले नाहीत. आलेली दोन चांगली स्थळं तिनं परत पाठवली तेव्हाही बोलले नाहीत. पण ज्या दिवशी ती कुणाच्या तरी संडासाचं दार टेम्पोत घालून घरी घेऊन आली, त्या दिवशी त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि विचारलं, "आतला माणूस कुठाय?"

दीपाली हसली नाही. टेम्पोतून तिनं आणखी दोन दारं उतरवली, मग कुणाच्या तरी मोडलेल्या ओट्याच्या कडाप्पाच्या लाद्या, मग शिळ्या फ्लेक्सचं एक भेंडोळं. कोथरूडला एक जुनी इमारत पाडत होते, तिथून तिनं हे सगळं मागून आणलं होतं.

"पप्पा, सागवान आहे हे."

"असेल. पण माणसं त्याच्यामागे बसत होती."

ही गोष्ट वारज्यातली. सुखदेव रणपिसे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात स्टोअर्समध्ये सुपरवायझर होते. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून ते वारज्याच्या एका सोसायटीत सातव्या मजल्यावर राहायला आले. फ्लॅटला लागून स्वतःची छोटी गच्ची होती. निवृत्त झाले तरी सकाळी दाढी, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, पायांत बूट, हे चुकत नसे. घरातल्या घरात बूट घालून पेपर वाचणारा माणूस सोसायटीत दुसरा नव्हता. आणि नाक मुरडण्यात त्यांची बरोबरी करणाराही दुसरा नव्हता. हाफ पँट घालून बँकेत येणारी माणसं त्यांना माणसांत धरवत नसत. भाजीला 'ऑर्गॅनिक' म्हणणाऱ्यांना ते विचारत, "मग बाकीची काय लोखंडाची असते?" चहाला बोलावून साखर विचारणाऱ्यांबद्दल तर ते बोलायचेसुद्धा नाहीत, फक्त भुवई उचलायचे.

त्यांची बायको हिरा म्हणायची, "ह्यांना जग आवडत नाही असं नाही. जगानं ह्यांना विचारून व्हायला हवं होतं, एवढंच."

पण या नाक मुरडण्याच्या मुळाशी एक गोष्ट होती, आणि ती सुखदेव फारशी कुणाला सांगत नसत. त्यांचे वडील सोनबा फलटणकडच्या एका गावात गावकीची कामं करत. मेलेलं जनावर ओढायचं, पाटलाच्या वाड्यावर लाकडं फोडायची, साहेब आला की त्याचं सामान पुढच्या गावापर्यंत डोक्यावर न्यायचं. मोबदला म्हणजे शिळी भाकरी, तीही वरून टाकलेली. छप्पन साली धम्म घेतला आणि सोनबानं ही सगळी कामं एका दिवसात टाकली. गावानं त्याच्याशी बोलणं टाकलं. मग तो बायकोला घेऊन खडकीला आला, कारखान्यात लेबर म्हणून चिकटला आणि मुलांना त्यानं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. डोक्यावर पाटी घ्यायची नाही. कुणी फुकट सांगितलं तर काडीसुद्धा उचलायची नाही.

सुखदेवनं काडी उचलली नाही. तो शिकला, टाय लावून मुलाखतीला गेला, पुढे माणसांच्या हजेऱ्या घेऊ लागला. मुलीला त्यानं कॉमर्स शिकवलं, बँकेत लागलेली पाहिली. आणि तीच मुलगी आता लोकांच्या उकिरड्यातून लाकडं वेचत होती. इंग्रजीत बोलत वेचत होती, हे तर आणखीच वाईट.

"याला काय म्हणतात?" त्यांनी विचारलं.

"उंच वाफे. जमिनीत नाही लावायची भाजी, अशा पेट्यांत लावायची. टाकाऊ सामानातून करायच्या, म्हणजे कुणालाही परवडतील."

"कुणालाही म्हणजे कुणाला? ज्याच्याकडे गच्ची आहे त्याला. ज्याच्याकडे गच्ची आहे तो मंडईतून भाजी आणतो."

दीपालीनं करवत काढली.

पहिला वाफा तिनं घरच्याच गच्चीवर केला. दाराच्या फळ्या कापून चौकोनी पेटी ठोकली, आतून प्लॅस्टिक लावलं आणि नर्सरीतून लाल मातीची पोती आणून ती काठोकाठ भरली. मेथी पेरली. सुखदेव रोज सकाळी पेपर घेऊन गच्चीच्या दारात उभे राहत आणि पेटीकडे असे बघत जसे उशिरा आलेल्या कामगाराकडे बघत असत. मेथी उगवली, पिवळी पडली, बसली. माती विटेसारखी घट्ट झाली. दोन जोरदार सरी आल्या आणि पाण्याला खालून वाटच नसल्यामुळे पेटीची एक बाजू फुगून सुटली. सगळी लाल माती गच्चीभर पसरली, मोरीत गेली, मोरी तुंबली.

"शाबास," सुखदेव म्हणाले. "बँकेत होतीस तेव्हा निदान मोऱ्या तुंबत नव्हत्या."

दीपाली गुडघ्यावर बसून हातानं चिखल भरत होती. ती वर न बघता म्हणाली, "चूक झाली. परत करते."

तिनं परत केलं. या वेळी पेटी विटांवर उचलून ठेवली, म्हणजे खालून पाणी वाहून जाईल आणि फरशी ओली राहते का तेही बघता येईल. तळाला भोकं पाडली. आतून फ्लेक्स लावला, छापील बाजू लाकडाकडे. हे फ्लेक्स वाढदिवसाचे होते. हात जोडलेले, गॉगल लावलेले, कुणाकुणाचे आधारस्तंभ असलेले ते सगळे भाऊ आणि दादा आता पेटीत चारी बाजूंनी भिंतीला तोंड करून उभे राहिले. ही एकच गोष्ट सुखदेवना मनापासून आवडली, पण तसं त्यांनी दाखवलं नाही. तळाला नारळाच्या शेंड्या आणि रसवंतीगृहातून आणलेली उसाची चिपाडं, वर सुका पाला, त्यावर कुजलेलं खत, आणि माती अगदी थोडी. ओझंही हलकं आणि मुळांना हवाही.

पालक आला. मग वांगी आली. हिरानं वांग्यांचं भरीत केलं. सुखदेवनी ते खाल्लं आणि "मंडईतली वांगी अशीच असतात" असं म्हणाले. त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी पावती निघणं शक्यच नव्हतं, हे दीपालीला माहीत होतं.

हळूहळू तिला कामं मिळू लागली. कात्रजला एका शाळेच्या गच्चीवर तिनं गोडाऊनमधून टाकून दिलेल्या लाकडी पॅलेट जोडून वाफे केले, बाणेरला एका बंगल्यात केले. आणि जसं काम वाढलं तसं सामानही वाढलं. घरच्या गच्चीत मावेना. मग पार्किंगमध्ये, स्वतःच्या गाडीच्या जागेत, तिनं फळ्या आणि लाद्या रचून ठेवल्या. त्यांच्या शेजारी शेणखताची पोती.

एका संध्याकाळी सुखदेव फिरून येत होते. पार्किंगमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी अवधूत त्या ढिगापाशी कमरेवर हात ठेवून उभे होते. अवधूत पंचेचाळिशीचे, कुठल्याशा कंपनीत मॅनेजर. सोसायटीच्या भिंतींवर लावलेल्या सगळ्या सूचना त्यांनीच लिहिलेल्या. लिफ्टमधून माती, वाळू, फर्निचर नेऊ नये. कुंड्यांना घातलेले पाणी खालच्यांच्या डोक्यावर पडते याची जाणीव असावी. अशा.

"रणपिसे साहेब, बरं झालं भेटलात. हे काय आहे सगळं?"

"माझ्या मुलीचं सामान आहे. माझ्या जागेत आहे."

"हो, जागा तुमचीच आहे, प्रश्न तो नाही." अवधूत आवाज खाली आणून, समजूत काढल्यासारखं बोलू लागले. "हौस असते, मान्य. पण भंगार, शेण, वास... आमच्या लोकांना याची सवय नाही हो. तुमचं तसं ठीक आहे."

सुखदेव थांबले. "आमचं म्हणजे?"

"म्हणजे... तुम्ही फॅक्टरीवाले. रफ अँड टफ."

"फॅक्टरीत शेण नसतं," सुखदेव म्हणाले. "तिथे दारूगोळा असतो. वास त्याचाही येतो, पण एकदाच."

अवधूत हसले. हसण्यावारी नेता येईल असं त्यांना वाटलं. सुखदेव हसले नाहीत. ते लिफ्टनं वर आले आणि खुर्चीत बसले.

'तुमचं तसं ठीक आहे.' नोकरीतल्या सगळ्या वर्षांत हे वाक्य त्यांनी वेगवेगळ्या कपड्यांत पाहिलं होतं. कधी ते कँटीनमध्ये भेटायचं, कधी बढतीच्या यादीनंतर. त्याला काय उत्तर द्यायचं हे त्यांना पाठ होतं. पण आज त्यांना अवधूतचा जितका राग आला, त्याहून जास्त दीपालीचा आला. हिनं त्या माणसाला बोलायला जागा दिली.

दीपाली घरी आली तेव्हा तिच्या केसांत गवताच्या काड्या होत्या. सुखदेवनी तिला बसूही दिलं नाही.

"उद्या तो उकिरडा हलव."

"कोण काय म्हणालं?"

"कुणी काही म्हणायची वाट कशाला बघायची? तुझ्या आजोबांनी ही घाण टाकायला गाव सोडलं. आणि तू टेम्पो भाड्यानं घेऊन ती परत आणतेस."

"आजोबांना ते फुकट करायला लावत होते, पप्पा. मला कुणी लावत नाही. मी माझा दर सांगते, लोक देतात."

"आज देतात."

"म्हणजे?"

"म्हणजे हातात कलम असेल तर लोक विचार करून बोलतात. हातात शेण असेल तर त्यांना विचार करावा लागत नाही."

हिरा स्वयंपाकघरातून बाहेर आली, हात पुसत. "आणि तुम्ही काय बोलता रोज तिला? उकिरडा, भंगार, संडासाचं दार. बाहेरचा माणूस नवीन काय बोलला, सांगा तरी."

सुखदेव जेवायला जाऊन बसले. जेवताना त्यांच्या लक्षात आलं, की अवधूतनं वापरलेला भंगार हा शब्द आज सकाळीच आपण वापरला होता. चहा पिता पिता, सहज.

दीपालीनं सामान हलवलं. जवळच्या शिवणे गावात एका ओळखीच्यांच्या शेडमध्ये नेलं. बापलेकीचं बोलणं त्यानंतर मिठापुरतं आणि गॅस सिलिंडरपुरतं उरलं.

पुढच्या हिवाळ्यात प्रभागातल्या कुठल्याशा मंडळानं गच्चीवरच्या बागांची स्पर्धा जाहीर केली. शेजारच्या सोसायटीनं नाव दिलं. लगेच अवधूत सुखदेवकडे आले, काजू कतलीचा डबा घेऊन. दिवाळी होऊन महिना झाला होता.

"साहेब, दीपालीचं काम ऐकलं. कात्रजच्या शाळेचे फोटो पाहिले, काय सुंदर! आपल्या सोसायटीच्या वरच्या गच्चीवर तसंच करू या की."

"करा."

"ती करेल ना? घरचंच काम आहे. सेवा म्हणून."

सेवा. सुखदेवनी डब्याकडे बघितलं, मग अवधूतकडे. वरून टाकलेल्या भाकरीलाही गाव असंच काहीतरी छान नाव देत असणार, असा विचार त्यांच्या मनात आला.

"ती फुकट काम करत नाही," ते म्हणाले. "बाणेरवाल्यांना जो दर लावला तो लावेल. बिल देईल. आधी निम्मे पैसे."

"हो, हो, तेही ठीक आहे. कमिटीत मांडतो."

"आणि माती, खत, फळ्या वर न्यायच्या त्या सभासदांनी. ती वाफा बांधेल, भरून दाखवेल. हमाली तिची नाही."

"आपण लिफ्टनं..." अवधूत बोलता बोलता थांबले.

"लिफ्टमधून माती न्यायची नाही," सुखदेव म्हणाले. "फार स्पष्ट सूचना आहे. तुमचंच अक्षर आहे ना?"

कमिटीनं अटी मान्य केल्या, दीपालीनं काम घेतलं, आणि पुढच्या रविवारी सोसायटीनं जे पाहिलं ते पुन्हा कधी पाहिलं नाही. बायका, पुरुष, दोन आयटीवाली जोडपी, एक निवृत्त प्राध्यापक, सगळे जिन्यानं घमेली घेऊन वर चालले होते. चौथ्या मजल्यावर लोक भिंतीला टेकून उभे राहत. शेणखताचं घमेलं पोटाशी धरावं की लांब धरावं हे कुणाला ठरवता येत नव्हतं. लांब धरलं तर हात भरून येत, पोटाशी धरलं तर टी-शर्ट. प्राध्यापकांनी नाकाला रुमाल बांधला होता आणि तो सारखा सुटत होता. सुखदेव रणपिसे गच्चीच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. कडक शर्ट, पॉलिश केलेले बूट. वर येणाऱ्या प्रत्येकाला ते मान हलवून सांगत, "तिकडे, कोपऱ्यात. सांडू नका."

इतका आनंद त्यांना निवृत्तीच्या सत्कारातही झाला नव्हता.

अवधूत दुसऱ्या फेरीला वर आले ते पाठ धरून. तिसऱ्या फेरीला त्यांच्याऐवजी वॉचमन गेनबा आला, डोक्यावर भरलेलं घमेलं घेऊन, आणि त्याच्या मागून मोकळ्या हातांनी अवधूत.

सुखदेव खुर्चीतून उठले. "गेनबा, ते खाली ठेव."

"ठेवतो की सायेब, कोपऱ्यात ठेवतो. त्यात काय हाय."

"इथेच ठेव. आणि खाली जाऊन बस." मग ते अवधूतकडे वळले. "सोसायटी याला गेटचा पगार देते. पाटीचा देते का?"

"अहो साहेब, पाचदहा मिनिटांचं काम..."

"मग तुम्ही करा. पाचदहा मिनिटांचंच आहे."

जिन्यात सगळे थांबले होते. अवधूतनी ते घमेलं उचललं. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. सुखदेव परत खुर्चीत बसले आणि पायावर पाय टाकला.

गेनबा मात्र खूश नव्हता. खाली जाताना रणपिसेंच्या दारात थांबून तो हिराला म्हणाला, "सायबांनी माझं नुसकान केलं बघा. अवधूत सायेब चहापाण्याला देणार व्हते." हिरानं त्याला चहा दिला, सोबत काजू कतलीचा तो अख्खा डबाही दिला.

आणि दीपालीही खूश नव्हती. ती गच्चीच्या टोकाला फळ्या ठोकत होती आणि हे सगळं ऐकत होती. हातोडी ठेवून ती आली, ओढणीची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, आणि खाली गेली. थोड्या वेळानं ती भरलेलं घमेलं डोक्यावर घेऊन जिना चढून आली, ताठ मानेनं, आधाराला हात न लावता. सुखदेवनी मान वळवली. ते त्यांना बघवेना. ती पुन्हा खाली गेली, पुन्हा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा खुर्ची रिकामी होती.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं हात धुतले आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"पप्पा, तुम्ही आज माझं काम शिक्षा म्हणून वापरलंत."

"त्या माणसाची लायकी..."

"त्याची लायकी मला माहीत आहे. 'तुमचं तसं ठीक आहे' म्हणाला होता ना? आईनं काढून घेतलं तुमच्याकडून, मला सांगितलं. त्याला कमी लेखायला तुम्हाला काय सुचलं? मी रोज जे करते ते. म्हणजे तुम्हा दोघांच्या मते ते एकाच लायकीचं आहे."

सुखदेवनी तोंड उघडलं. आयुष्यभर त्यांना उत्तराची वाट बघावी लागली नव्हती. जिभेवर नेहमी काहीतरी तयार असे, चिमटीत धरून समोरच्याच्या खिशात ठेवावं असं. आज त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि हातातच धरून ठेवला. दीपाली आत गेली.

स्पर्धेत सोसायटीला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. अवधूतनी प्रमाणपत्राबरोबर फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली 'माझ्या संकल्पनेतून' असं लिहिलं. सुखदेवनी तो फोटो पाहिला आणि फोन उपडा ठेवला. सोसायटीचा पालक घरोघर वाटला जाऊ लागला. रणपिसेंच्या वाट्याची जुडी सुखदेव बाजूला सारत. दीपालीच्या पालकावर त्यांचा राग नव्हता. राग होता तो खाणाऱ्यांवर.

पण एक बदल झाला. सकाळी पेपर वाचून झाला की ते गच्चीवर जाऊ लागले. घरच्या नव्हे, वरच्या. हात मागे बांधून वाफ्यांमधून चालत. कुणी भेटलं तर म्हणत, "काही नाही, लोक पाणी किती वाया घालवतात ते बघतोय." आणि खरंच कुणी फाजील पाणी घातलं असेल तर त्याच्या दारावर जाऊन सांगत.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी घेवड्याच्या वाफ्याची एक फळी त्यांना सुटत आलेली दिसली. खिळे गंजले होते, आतली ओली माती फळीला बाहेर लोटत होती. त्यांनी दीपालीला फोन लावला.

"तुझी ती घेवड्याची फळी निघतेय. ये."

"चहा घेतेय, पप्पा. हातोडी टाकीमागे ठेवलीये. खिळेही तिथेच आहेत."

"मी?"

"नाहीतर येते मी, दहा मिनिटांत."

फळी आणखी बोटभर सरकली. सुखदेवनी इकडेतिकडे पाहिलं. गच्चीवर कुणी नव्हतं. त्यांनी टाकीमागून हातोडी काढली, एक खिळा चिमटीत धरला आणि मारला. खिळा वाकला. दुसरा मारला, तोही वाकला. तिसरा उडून कुठे गेला ते दिसलंच नाही.

"खिळे आहेत की टाचण्या," ते स्वतःशीच म्हणाले. कोण विकतं हे, आणि कोण घेतं. घेणारी आपलीच मुलगी.

फळी सुटली. ते खाली बसले, दोन्ही हातांनी ती जागेवर दाबून धरली. थंडगार खत बोटांमधून बाहेर येत होतं. वास येत होता, पण वाटला होता तसा नव्हता. घेवड्याला लहान जांभळी फुलं लागली होती. बसल्या बसल्या ती अगदी डोळ्यांसमोर येत होती. गुडघे दुखू लागले. हात काढला असता तर वाफा गेला असता, म्हणून हात काढता येत नव्हते.

जिन्यात दीपालीच्या चपला वाजल्या. ती निवांत येत होती.

"लवकर ये की," सुखदेव ओरडले. "काय काम करून ठेवलंयस हे!"